यात बघण्यासारखं काय आहे?

पस्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. त्या काळात मुलांनी सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न म्हणजे, "सर, पानिपत कधी झालं हे आम्हाला माहीत असून उपयोग काय?" मी दरवर्षी वेगळं उत्तर देत असे, आणि ते मुलांपेक्षा मलाच जास्त पटत असे. निवृत्तीनंतर नातवाने याच जातीचा एक प्रश्न विचारला आणि मी निरुत्तर झालो. आजचा विषय तोच आहे.

2023 च्या मे महिन्यात आम्ही दोघं मुलीकडे अमेरिकेत होतो. मुलगी-जावई इंडियाना राज्यात, इंडियानापोलिस शहराजवळ राहतात. 18 मे रोजी इकडे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने निकाल दिला की तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक या राज्यांनी जल्लिकट्टू, बैलगाडा शर्यत आणि कंबाला यांच्यासाठी केलेले कायदे वैध आहेत. मोबाइलवर बातमी वाचून मी "सुटली रे बाबा एकदाची!" असं जरा मोठ्यानेच म्हणालो. चौदा वर्षांचा नातू धावत आला. काय सुटलं? मी त्याला पुणे जिल्ह्यातल्या घाटाचा एक व्हिडिओ दाखवला. "भिर्रर्र" झालं, धुळीचा लोट उठला आणि बारा-तेरा सेकंदांत सगळं संपलं.

"झालं? एवढंच? आजोबा, यात बघण्यासारखं काय आहे?"

आता आली का पंचाईत! काय सांगणार?

दहाच दिवसांनी, 28 मेच्या रविवारी, जावयाने आम्हाला त्यांच्याकडची प्रसिद्ध मोटारशर्यत बघायला नेलं. इंडियानापोलिस 500. चाकांवर मडगार्ड नसलेल्या, एका माणसाच्या, सुरवंटासारख्या लांबट गाड्या. तेहतीस गाड्या तीन-तीनच्या अकरा रांगांत सुटतात. चार किलोमीटरचा लांबट वाटोळा रस्ता, चार वळणं, चारही डावीकडे. असे दोनशे फेरे, म्हणजे पाचशे मैल. पहिल्या अर्ध्या तासात कानात कापूस घालून मी गाड्या बघितल्या, नंतर माणसं बघितली, नंतर आभाळ बघितलं. आमच्या लहानपणी तेल्याच्या घाण्याला डोळ्यांवर झापड बांधलेला बैल असे, तो आठवला. तोही दिवसभर चालायचा आणि होता तिथेच असायचा. शेवटी न राहवून मी नातवाला विचारलं, "बाळा, यात बघण्यासारखं काय आहे रे?"

तो हसला. पण त्याने मला माझ्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं, हे मास्तर असूनही कबूल करतो.

तो म्हणाला, "आजोबा, पहिल्या गाडीकडे बघू नका, दुसरीकडे बघा." पुढची गाडी हवा फाडत जाते. तिच्या पाठीशी जी चिकटते तिला हवेचा अडथळा कमी होतो, तिचं इंधन वाचतं आणि सरळ रस्त्यावर ती झेप घेऊ शकते. म्हणजे या शर्यतीत पुढे असणं हीच कधी कधी अडचण! शेवटच्या फेरीत पहिलं असण्यापेक्षा दुसरं असणं बरं, असंही होतं. म्हणून हे ड्रायव्हर दीड-दोन तास एकमेकांना जोखत असतात. इंधन भरायला कोण कधी थांबलं, कोणाचे टायर झिजले, कोण मुद्दाम मागे राहिलंय, हा हिशेब डोक्यात ठेवला की समोरचा घाण्याचा बैल एकदम बुद्धिबळाचा घोडा होतो. मी खुर्चीत सरसावून बसलो.

घरी आल्यावर सवयीप्रमाणे इतिहास वाचला. हा ट्रॅक 1909 सालचा. सुरुवातीला खडी आणि डांबर होतं. त्या पहिल्याच ऑगस्टच्या मोटारशर्यतींत रस्ता उखडला आणि दोन प्रेक्षकांसह पाच माणसं गेली. मग मालकांनी 32 लाख विटा बसवल्या. आज त्यातली हातभर रुंदीची पट्टी तेवढी शेवटच्या रेषेवर राखून ठेवली आहे. पाचशे मैलांची पहिली शर्यत 30 मे 1911 रोजी झाली आणि रे हॅरून नावाच्या माणसाने 6 तास 42 मिनिटांत जिंकली. त्या काळी ड्रायव्हरशेजारी एक मेकॅनिक बसून मागून कोण येतंय ते सांगत असे. हॅरून एकटाच बसला आणि मागचं दिसावं म्हणून त्याने गाडीवर आरसा लावला! आणखी एक गोष्ट आपल्या मंडळींना आवडेल. विजेत्याने दूध पिण्याची तिथे प्रथा आहे. तिची सुरुवात लुई मेयर या खेळाडूपासून झाली, आणि 1936 साली जिंकल्यावर तो प्यायला होता ते चक्क ताक होतं.

तर सांगायचा मुद्दा असा की नातवाने मला बघायला शिकवलं. आणि तेव्हा लक्षात आलं, मलाही कोणीतरी बघायला शिकवलंच होतं.

आमचं बिऱ्हाड लालबागला, चाळीत. वडील, म्हणजे तात्या, गिरणीत साच्यावर होते. मूळ गाव साताऱ्याकडे, खटाव तालुक्यात. गिरणगावात तेव्हा निम्मी चाळ घाटावरची, निम्मी कोकणातली. कोकणातली मंडळी गणपती-शिमग्याला गावी पळत, आमची जत्रेला. दादरहून रात्रीची गाडी, पुढे एस.टी. आणि शेवटी पायपीट. त्या जत्रेत बैलगाडीच्या शर्यती होत. मी सात-आठ वर्षांचा असेन, म्हणजे 1957-58 चा सुमार. तात्यांच्या खांद्यावर बसून मी चाकांकडे बघत होतो. चाकं केवढ्याने फिरतात! तात्या खालून म्हणाले, "चाकाकडं काय बघतुयास? पावलाकडं बघ. जोडीची पावलं एक पडत्यात का न्हाई ते बघ." मी बघितलं. एका जोडीची पावलं एकाच बैलाला आठ पाय असल्यासारखी पडत होती. दुसऱ्या जोडीत एक बैल अर्धं पाऊल मागे होता. "ती गेली," तात्या म्हणाले, आणि खरंच ती जोडी शेवटी मागे पडली. त्या दिवशी तात्या मला ज्योतिषी वाटले!

बघायची नजर आली की फरक कळायला लागतात. आपल्याकडे या शर्यतीची एकच रीत नाही. जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या पट्ट्यात घाटाची शर्यत. तिथे एका वेळी एकच गाडा चढावर धावतो, त्याला 'बारी' म्हणतात. लढाई घड्याळाशी. सगळ्यात कमी सेकंदांत येणारा तो 'घाटाचा राजा'. सातारा, सांगली, कोल्हापूरकडे हलके छकडे एकाच वेळी शेजारी शेजारी सुटतात. गट, सेमी आणि फायनल अशा फेऱ्या होतात, आणि बैलाच्या दातांवरून आदत, दुसा असे वर्गही पडतात. विदर्भात शंकरपट. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट नावाजलेला. अलिबागकडे तर समुद्राच्या वाळूत गाड्या पळतात.

गंमत बघा, इंडियानापोलिसला या दोन्ही रीती आहेत. मुख्य शर्यतीच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक गाडी एकटी चार फेरे मारते आणि सरासरी वेगावरून तिची जागा ठरते. तो त्यांचा 'घाट'. 2023 साली अ‍ॅलेक्स पालूने त्यात ताशी 234 मैलांची, म्हणजे सुमारे 377 किलोमीटरची सरासरी काढून पहिला नंबर पटकावला. मग रविवारी सगळे एकत्र सुटतात, ती त्यांची सातारी शर्यत. आणि मडगार्ड नसलेली उघडी चाकं हेच त्या गाड्यांचं वैशिष्ट्य असेल, तर आपला छकडा त्यांचा खापरपणजोबा म्हणायला हरकत नाही!

इथपर्यंत सगळं गोड आहे. आता जरा कडू.

त्याच्या पुढच्या एका जत्रेत आमच्या भावकीतल्या एकाची जोडी पहिली आली. गुलाल उधळला, हलगी कडाडली. मी पळत गेलो आणि बैलाच्या पाठीवर, मागच्या बाजूला, हात फिरवला. हात लाल झाला. मला वाटलं गुलाल. पण तो ओला होता. पराणीच्या आरेने टोचटोचून बैलाच्या पुठ्ठ्याची चाळण झाली होती. तात्यांनी मला विहिरीवर नेलं, हात धुऊन दिला आणि एवढंच म्हणाले, "आईला सांगू नगंस."

मी आईला सांगितलं नाही. कोणालाच सांगितलं नाही. आज सत्तरी ओलांडल्यावर इथे लिहितो आहे.

म्हणून जेव्हा बंदीची बातमी आली तेव्हा माझी अवस्था मोठी चमत्कारिक झाली. जुलै 2011 मध्ये केंद्र सरकारने 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या यादीत वाघ, सिंह, अस्वल, माकड यांच्या जोडीला बैल घातला, म्हणजे त्याचे जाहीर खेळ करायला मनाई. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर बैलगाडा शर्यतीही बंद केल्या. न्यायालयाचं म्हणणं असं की बैल हा ओझं ओढणारा प्राणी, घोड्यासारखं धावणं ही त्याची शरीररचना नव्हे. 2016 च्या जानेवारीत केंद्राने परवानगी दिली, तिला आठवड्याभरात स्थगिती आली. 2017 मध्ये महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला, तो उच्च न्यायालयात अडकला. अखेर 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना वाट दिली आणि 2023 च्या मे महिन्यात तीवर शिक्कामोर्तब केलं.

या सात-साडेसात वर्षांत गावाकडून एकच प्रश्न कानावर येई. घोडा चालतो, मग बैल का नाही? आम्हा लालबाग-परळवाल्यांना तो जरा जास्तच टोचायचा, कारण महालक्ष्मीचं रेसकोर्स आमच्या हाकेच्या अंतरावर. 1883 सालचं. 1943 पासून तिथे इंडियन डर्बी होते. लहानपणी आम्ही कुंपणाबाहेरून घोडे बघत असू. हिरवळ, टोप्या घातलेल्या बाया, दुर्बिणी. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं हा निव्वळ जुगार नसून त्यात कौशल्य आहे, असाही निर्वाळा दिला. मग गावचा माणूस म्हणणारच, की साहेबाच्या जनावराला हिरवळ आणि कुणब्याच्या जनावराला पोलीस चौकी! ऑगस्ट 2021 मध्ये सांगली जिल्ह्यात झरे गावी पोलीस बंदोबस्त असूनही पहाटे शर्यत झाली, तिच्यामागे हा राग होता. शिवाय एक व्यवहाराची बाजूही होती. ट्रॅक्टर आला, शेतातलं बैलाचं काम संपत चाललं. शर्यतही नसेल तर खिल्लार जातीचा खोंड सांभाळायचा कोणी आणि कशासाठी?

हे सगळं मला पटायचं. आणि तो ओला हातही आठवायचा. दोन्ही खरं. शाळेत आम्ही मुलांना 'फायदे व तोटे लिहा' असा प्रश्न घालून मोकळे होत असू. पण तोट्याच्या रकान्यात ज्याचं रक्त आहे त्याला लिहिता येत नाही, त्याचं काय?

आता पुन्हा इंडियानापोलिसला चला. कारण या प्रश्नाचं थोडंसं उत्तर मला तिथे मिळालं.

त्या ट्रॅकनेही पुष्कळ रक्त बघितलं आहे. बिल वुकोविच हा ओळीने दोन वर्षं जिंकलेला गडी 1955 मध्ये पुढे असतानाच अपघातात गेला. 1964 मध्ये दुसऱ्याच फेरीत आगीचा लोळ उठला आणि एडी सॅक्स व डेव्ह मॅकडोनल्ड हे दोन ड्रायव्हर गेले. त्यानंतर पेट्रोल हळूहळू मागे पडून मिथेनॉल आलं. 1998 मध्ये मिशिगनला आणि 1999 मध्ये शार्लटला अशाच उघड्या चाकांच्या गाड्यांची चाकं उडून प्रत्येकी तीन प्रेक्षक मेले. मग चाकांना मजबूत दोर बांधायला लागले. 2002 मध्ये इंडियानापोलिसच्या काँक्रीटच्या भिंतीपुढे पोलादाची आणि फोमची, धक्का पिऊन टाकणारी भिंत उभी राहिली. 2020 मध्ये ड्रायव्हरच्या डोक्यापुढे जाड पारदर्शक काच आली. प्रत्येक वेळी कुरकुर करणारे होतेच. धोका गेला की मजा गेली, मग हे कोण बघणार?

आम्ही बघत असताना, शेवटच्या वीसएक फेऱ्या उरल्या असताना, दोन गाड्या भिडल्या. एकीचं चाक सुटलं आणि कुंपणावरून, प्रेक्षकांच्या डोक्यांवरून उडालं. आम्ही समोरच्या बाजूला होतो. मोठ्या पडद्यावर ते चाक हवेत दिसलं आणि सगळ्या स्टँडचा श्वास अडकला. दैव बलवत्तर, ते बाहेर उभ्या असलेल्या एका रिकाम्या मोटारीवर पडलं. ड्रायव्हर उलट्या गाडीतून धडधाकट बाहेर आला. मी बायकोकडे बघितलं, तिने डोळे मिटून हात जोडले होते. खरं सांगतो, त्या क्षणाला रोमांचक म्हणायची माझी तयारी नाही. ते फक्त भय होतं.

रोमांच त्यानंतर आला. शर्यत तीनदा लाल झेंडा दाखवून थांबवली. शेवटी उरली एक फेरी. पुढे होता आदल्या वर्षीचा विजेता मार्कस एरिक्सन आणि त्याच्या पाठीशी जोसेफ न्यूगार्डन. माझ्या डोक्यात नातवाचा धडा पक्का होता, दुसऱ्या गाडीकडे बघा! मागच्या सरळ रस्त्यावर न्यूगार्डन एरिक्सनच्या सावलीतून बाहेर पडला आणि पुढे गेला. जिंकला तो सेकंदाच्या दहाव्या भागापेक्षाही कमी अंतराने. मी उठून ओरडलो. काय ओरडलो ठाऊक आहे? "ती गेली! ती गेली!" तात्यांचेच शब्द, अगदी त्यांच्याच सुरात. विजेता गाडीतून उतरला तो कुंपणाच्या फटीतून थेट प्रेक्षकांत घुसला.

परतताना मोटारीत मी नातवाला त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं. पावलांचं सांगितलं, बारी आणि घाटाचा राजा सांगितला. आणि विहिरीवर धुतलेल्या हाताचंही सांगितलं. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "पण आजोबा, न्यूगार्डनने स्वतः सही करून शर्यतीत भाग घेतला. बैलाने कुठे सही केली?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढं मात्र कळलं की त्या अमेरिकन शर्यतीतून आग कमी झाली, मरण कमी झालं, पण शेवटच्या फेरीतला रोमांच तसूभरही कमी झाला नाही. तो मुळात मरणात नव्हताच. तो त्या दोन गाड्यांमधल्या वीतभर जागेत होता. तसंच आपलं. आठ पावलं एक पडण्यात जी मजा आहे, तिला आरेची गरज नाही. महाराष्ट्राच्या कायद्यात आता क्रूरतेसाठी पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. चाबूक, टोचणी, विजेचा झटका, सगळ्याला मनाई आहे. कागदावर चोख. पण दहा-वीस हजारांच्या गर्दीत पोलीस असून असून किती असणार? गर्दीचे डोळे मात्र भरपूर असतात. गर्दीने ज्याला शिट्टी मारली ते वाढतं, आणि ज्याच्यावर ती गप्प झाली ते हळूहळू बंद पडतं. प्रेक्षक हा शर्यतीतला न दिसणारा गाडीवान आहे, असं मला वाटतं.

आता पुसेगावच्या हिंदकेसरी शर्यती मोबाइलवर थेट दिसतात. ड्रोनने टिपलेल्या, समालोचनासकट. मोठ्या मैदानांत बक्षीस म्हणून थार गाडी लावतात. तात्या असते तर खुळावले असते! परळच्या घरात बसून मी बघतो आणि तिकडून नातूही कधी कधी बघतो. तो आता पावलांकडे बघतो. मी सुटायच्या आधी गाडीवानाच्या हाताकडे बघतो. हात रिकामा दिसला की मग खुर्चीत सरसावून बसतो.

असो. बाकी, यात बघण्यासारखं काय आहे, तर एवढंच.